तबकातला दर

अण्णा, तुझ्या तेराव्याला पानं पेरियवरांच्या दुकानातून आली.

पाच कट्टू. एका कट्टूत केळीची शंभर पानं आणि फाटक्यांसाठी वर पाच, म्हणजे एकूण पाचशे पंचवीस. जेवायला माणसं सत्तर. सगळी पानं शेंड्याची, पहिल्या प्रतीची, सोपटाच्या दोरीने दोन ठिकाणी बांधलेली. हातगाडीवाला म्हणाला, "पैसे घ्यायचे नाहीत म्हणून सांगितलंय. वाध्यारांचं शेवटचं कार्य आहे." वाध्यार म्हणजे मास्तर; गावात तुला सगळे तेच म्हणायचे. ज्या बाजाराने पावणेसात वर्षं तुझं एक पान घेतलं नाही, त्याने तुला एकदम पाचशे पंचवीस पानं फुकट दिली. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, पण ही दोन टोकं एका समीकरणात कशी बसवायची ते मला कळेना.

वहिनी दारात आली. गठ्ठ्यांकडे बघून म्हणाली, "शाम, हे उंबऱ्याच्या आत यायचं नाही." मी गठ्ठे ओट्यावर तसेच ठेवले, कोयता घेतला आणि तुझ्या बागेत गेलो.

हे मराठीत लिहितो आहे. तुझी तक्रार इंग्रजीत गेली, साक्षी तमिळमध्ये झाल्या, भांडणं तेवढी आपण आपल्या घरच्या मराठीत केली. शेवटचं भांडण अर्धवट राहिलं. त्यात माझा मुद्दा चुकला होता की नाही हे अजून मला ठरवता येत नाही. पण मी खोटं बोललो होतो, हे नक्की. ते तुला सांगायचं राहून गेलं.

सुरुवात तू केलीस ती त्या बाराव्या दुकानामुळे. तिरुवैयारूच्या पानबाजारात अकरा दुकानं. आसपासच्या सगळ्या केळीबागांची पानं तिथेच जातात, कारण सकाळी कापलेलं पान दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकतं. लांब नेऊन विकायची कुणाला सवड नाही. कुठून तरी एक माणूस आला, त्याने बारावं दुकान उघडलं. बागवाल्याला जास्त देत होता, गिऱ्हाइकाला स्वस्त विकत होता. एकोणीस दिवसांत त्याला कुलूप लावावं लागलं. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. हमाल त्याचा गठ्ठा उचलेनात, गाडीवाले त्याचा माल घेईनात, एवढंच. तू शाळेत पंचवीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. मला म्हणालास, "शाम, ह्याला कायदा आहे. स्पर्धा मारणं हा गुन्हा आहे. दिल्लीत त्यासाठी आयोग बसलाय."

मी म्हणालो, "अण्णा, तो सिमेंटवाल्यांसाठी बसलाय. पानवाल्यांसाठी नाही."

"कायद्यात सिमेंट असं लिहिलंय का?"

"लिहिलेलं नाही. पण दिल्लीहून बघणाऱ्याला केळीचं पान दिसत नाही."

"मग तू आकडे दे. आकडे दिसतील."

तू मला बरोबर ओळखत होतास. आकडे मागितले की मी नाही म्हणणार नाही, हे तुला ठाऊक होतं. दर शुक्रवारी कॉलेजच्या आधी आणि दर रविवारी सकाळी मी तंजावरहून मोपेडवर यायचो आणि अकराही दुकानांत भाव विचारायचो. घरासाठी पानं हवीत, असं सांगायचो. माझ्या घरी रोज काय लग्नं लागतात असं त्यांना वाटत असेल. दीड वर्ष. एकशे छप्पन दिवस. एकशे छप्पनही दिवस अकराही दुकानांत एकच भाव. मुहूर्ताच्या दिवशी चढलेला, लग्नं न होणाऱ्या आडीच्या महिन्यात पडलेला, पण अकरा ठिकाणी सारखा, रुपयासुद्धा इकडेतिकडे नाही. प्रमाण विचलन शून्य. मी मुलांना आयुष्यभर सांगत आलो की खऱ्या जगात मोजलेल्या गोष्टींचं विचलन शून्य येत नाही. आलं तर आपलं मोजणं चुकलं किंवा जगात कुणीतरी गडबड केली.

ती गडबड कशी होते हे तू मला दाखवलंस. पहाटे पहिला गठ्ठा सुटण्याआधी बाजाराच्या तोंडाशी पिळ्ळैयारांची, म्हणजे गणपतीची, पूजा होते. सगळ्यात जुनं दुकान पेरियवरांचं. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे ‘पेरियवर’, थोरले, म्हणतात. ते पितळी तबकात विडा, केळी ठेवतात आणि त्यावर नोटा. जेवढ्या नोटा, तेवढा त्या दिवशी एका कट्टूचा दर. कापूर पेटतो. अकरा माणसं ज्योतीवर हात फिरवून डोळ्यांना लावतात, तबकाकडे बघतात आणि आपापल्या दुकानी जाऊन बसतात. कुणी एक शब्द बोलत नाही. तबकात असेल तेवढं गिऱ्हाइकाकडून घ्यायचं, त्याच्या निम्मं बागवाल्याला द्यायचं. कागद नाही, सही नाही, फोनसुद्धा नाही. तू माझ्या कानाशी म्हणालास, "बघ. करार झाला. साक्षीदार गणपती. आता त्याला समन्स कोण काढणार?"

आपण हसलो होतो. तेव्हा हसायला परवडत होतं.

दिल्लीच्या आयोगाकडे तू केलेल्या तक्रारीची नोटीस बाजारात पोचली, त्याच आठवड्यात तुझी पानं घेणं बंद झालं. पहिल्या दिवशी एकाने सांगितलं, "आज माल पुरे आहे, सार." दुसऱ्याने तेच, तिसऱ्याने तेच. अकराव्या दुकानात तूच आधी म्हणालास, "आज माल पुरे आहे ना?" तो बिचारा ओशाळला, तुला कॉफी पाजली. पान मात्र घेतलं नाही. तू बसने दोन गठ्ठे तिरुच्चीला नेऊन पाहिलेस. तिथल्या दुकानदाराने गाव विचारलं आणि हात जोडले. मग तंजावरमधल्या दोन खानावळींना रोज थोडी पानं जायची, उरलेली गाईंपुढे. लोक म्हणायचे, वाध्यारांच्या गाई लग्नाच्या पानावर जेवतात.

त्या वर्षी आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हणालो, "हा कायदा दुसऱ्याच्या मापाने शिवलाय, अण्णा. जिथे चार बाजार आहेत, थंड गोदामं आहेत, विकणाऱ्याला आठवडाभर थांबता येतं, तिथे तो चालतो. इथे पानाला दीड दिवस आहे आणि आयोगाला दीड वर्षसुद्धा पुरत नाही. आधी गोदाम होऊ दे, दुसरा बाजार येऊ दे, मग कायदा."

तू म्हणालास, "दुसरा बाजार आला होता. एकोणीस दिवस होता. तू त्याच्याकडून पानं घेतली होतीस का?"

घेतली नव्हती. तेव्हा मला पानं लागत नव्हती, हे खरं उत्तर होतं. मी ते दिलं नाही. मी म्हणालो, "तू हट्टी आहेस." तू म्हणालास, "आणि तू प्रमाण विचलन आहेस. शून्य." वहिनी आतून म्हणाली, "दोघं जेवून घ्या, मग काय ते शून्य करा."

त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या वसुधाचं लग्न ठरलं.

तू आधीच सांगून टाकलंस, लग्नाची सगळी पानं माझ्या बागेतली. बाराशे लागली तरी देतो, पहाटे कापून स्वतः घेऊन येतो. मी हो म्हणालो. मग आचारी आला. तो म्हणाला, "सार, पान बाजाराचं नसेल तर मला हे लग्न नको. वाध्यारांचं पान मी वाढलं हे कळलं, तर पुढच्या मुहूर्ताला मला कोण पान देणार? माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत." मी त्याला दोष देत नाही. त्याचं गणित बरोबर होतं. मी दुसरा आचारी शोधायला हवा होता. महिना हातात होता. मी शोधला नाही. मी पेरियवरांच्या दुकानात गेलो.

त्या दिवशी तबकात सहाशे होते. पेरियवरांनी मला बसवलं, विडा पुढे केला आणि म्हणाले, "मुलीचं लग्न, तंबी. तुम्हाला चारशेनं."

मी म्हणालो, "तबकात सहाशे आहेत."

"म्हणून तर हळू बोलतोय. तबकाच्या खाली विकलं की आम्हा अकरा दुकानांचा संघ दंड घेतो, कट्टूमागे शंभर. मागच्या पोंगलला कोपऱ्यातल्या दुकानाला भरायला लावला, मीच. आता मीच मोडलं म्हटल्यावर माझं तोंड काय राहील? हे बाहेर जाऊ देऊ नका."

अण्णा, तू ज्या गोष्टीसाठी पावणेसात वर्षं झगडलास, ती गोष्ट हीच होती. व्यापाऱ्यांचा वकील म्हणायचा, सगळ्यांचा माल एकच, सगळे एकमेकांना दिसतात, मग भाव सारखा असणारच. त्यात करार कुठे आला? आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. माझे एकशे छप्पन दिवस एवढंच सांगत होते की भाव सारखा आहे. तो सारखा ठेवला जातो, मोडणाऱ्याला शिक्षा होते, हे त्यात नव्हतं. ते पेरियवरांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, विडा हातात देऊन. आणि मी माणूस कसा आहे तुला माहीत आहे. घरी येऊन घरखर्चाच्या वहीत लिहिलं: पानं, बारा कट्टू, दर चारशे, तबकातला दर सहाशे. शेऱ्याच्या रकान्यात त्यांचं वाक्य, जसंच्या तसं, तारखेसकट. माझे दोन हजार चारशे रुपये वाचले.

तुला सांगितलं, आचाऱ्याने आधीच सोय केली आहे. तू म्हणालास, "बरं."

लग्नाच्या पंगतीत तू दुसऱ्या ओळीत बसला होतास. पाणी शिंपडण्याआधी तू पान उचलून उलटं करून पाहिलंस. दोरीच्या दोन खुणा होत्या, बाजाराच्या. मग पान खाली ठेवलंस, पुसलंस, आणि ताकभातापर्यंत सगळं जेवलास. पायसम दोनदा घेतलंस. उठताना सगळ्यांनी आपापलं पान स्वतःकडे मिटलं. जेवण गोड झालं, सोयरीक राहू दे, म्हणून आपल्याकडे मिटतात तसं. तुझं उघडंच राहिलं. वाढपी म्हणाला, म्हातारे विसरले. मी त्या उघड्या पानाकडे बघत उभा राहिलो. तू वसुधाच्या डोक्यावर हात ठेवलास, माझ्याकडे न बघता बाहेर गेलास, आणि पुढे कधी त्याबद्दल बोलला नाहीस. एकदा तरी शिवी द्यायची होतीस. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

चौकशीचा अधिकारी आला तो त्यानंतर आठ महिन्यांनी. तरुण होता, प्रामाणिक होता, आणि त्याला तमिळ येत नव्हतं. दुभाषा घेऊन त्याने पेरियवरांना विचारलं, "दर कोण ठरवतं?"

"देव."

"देवाला कोण सांगतं?"

"देवाला सांगावं लागतं का, सार?"

दुभाष्याने हे इंग्रजीत सांगितलं आणि अधिकाऱ्याने लिहून घेतलं. सहा बागवाल्यांनी तुझ्या तक्रारीला खासगीत होकार दिला होता. तुझ्या ओट्यावर बसून ते संघाला शिव्या घालायचे. अधिकाऱ्यापुढे सहाही जण म्हणाले, आमची काही तक्रार नाही, संघ म्हणजे आमचं ऐक्य आहे. त्यांच्या घरातलं लग्न असो की दवाखाना, उचल पेरियवरांकडून येते. ते दुसरं काय म्हणणार? तू त्यांच्यावर चिडला नाहीस. मीच चिडलो होतो, मोठ्या तोंडाने.

मग माझी पाळी आली. एकशे छप्पन दिवसांचे तक्ते मी पुढे ठेवले. अधिकाऱ्याने ते नीट वाचले. मग शपथेवर विचारलं, "ह्यानंतरच्या काही नोंदी आहेत का तुमच्याकडे?"

तू शेजारच्या खुर्चीवर होतास. हो म्हटलं असतं तर दर चारशे, बारा कट्टू, सगळं तुझ्यासमोर वाचलं गेलं असतं.

मी म्हणालो, "नाहीत."

आयुष्यात मी बेरीज चुकलो असेन, खोटा आकडा कधी दिला नाही, असं लोकांना सांगत आलो. ते अजूनही खरं आहे. आकडा खोटा दिला नाही. आकडा लपवला.

दोन वर्षांनी आयोगाचा निकाल लागला, तुझ्या बाजूने. संघ दोषी, दर ठरवणं बंद करा, दंड भरा. तू मला फोनवर पूर्ण निकाल वाचून दाखवलास, परिच्छेदांच्या आकड्यांसकट. दंड उलाढालीवर बसला. ह्या बाजाराची उलाढाल रोख, आणि वहीत दाखवलेली उलाढाल म्हणजे एखाद्या पानपट्टीची असावी तेवढी. तेवढाही दंड त्यांनी भरला नाही. अपील केलं, आणि अपिलासाठी जी थोडी रक्कम ठेवावी लागली, ती बागवाल्यांकडून काढली. कट्टूमागे दहा रुपये कापायला लागले. त्या कापण्याला बाजारात नाव पडलं ‘दिल्ली’. "आज दिल्ली जाऊन किती हातात आले?" असं लोक विचारतात. रक्कम केव्हाच वसूल झाली असणार, मी हिशेब केला आहे; दिल्ली अजून कापतात. आणि बागवाले म्हणतात, वाध्यारांनी आणली.

तबक अजून रोज निघतं. आता त्यात नोटा नसतात, लवंगा असतात. एक लवंग म्हणजे पन्नास रुपये. निकालाने एवढा फरक पडला.

अपिलात निकाल रद्द झाला. सारखा भाव आणि पूजा म्हणजे करार नव्हे; शिवाय साक्षीदाराची, म्हणजे माझी, उलटतपासणी करू दिली नव्हती; पुन्हा ऐका. तो कागद तुला दवाखान्यात मिळाला. नाकाला नळी होती. तू मला वाचायला लावलास आणि म्हणालास, "त्यांचं बरोबर आहे. दर मोडणाऱ्याला संघ दंड करतो ह्याचा पुरावा हवा होता. कुणीतरी एकदा तरी तबकाच्या खाली विकलं असेल, शाम. कुणाला तरी माहीत असेल."

मी तुझ्या पलंगाजवळ होतो. हाताच्या अंतरावर. मी म्हणालो, "पाणी देऊ का?"

तुला माहीत होतं का? वहीतली नोंद नसेल, पण माझ्याजवळ काही आहे एवढं? पानावरच्या त्या दोन खुणा बघून तू दरसुद्धा ओळखला होतास का? हे मी आता कुणाला विचारू?

तेराव्याच्या दिवशी मी बागेत पानं कापत होतो. पान कापायलाही हात लागतो. देठाशी कोयता तिरका धरायचा असतो, मी सरळ धरला आणि शेंडे फाटत गेले. एकशे चार कापली, सव्वीस फाटली. परत आलो तर ओट्यावर स्वतः पेरियवर बसले होते, त्यांच्या पाच कट्टूंशेजारी. ब्याऐंशीचे आहेत, काठी लागते.

"पानं आत नेली नाहीत, तंबी?"

"वहिनींना नकोत."

"वाध्यार मोठा माणूस. माझा त्याच्यावर राग नव्हता." ते खरं बोलत असावेत. "पण आता सोडून द्या. नोटीस आली असेल तुम्हाला, उलटतपासणीची. तुम्ही म्हणा, जुनी गोष्ट आहे, आठवत नाही. कुणाचं काय जातं?"

ते थोडं वाकले आणि आवाज उतरवला, तेव्हाच्यासारखाच.

"आणि तुम्हीसुद्धा आमच्याकडची पानं घेतलीत की, मुलीच्या लग्नात. स्वस्तात. वकील विचारेल, मग तुमचंच नाव जाईल."

"घेतली," मी म्हणालो. "बारा कट्टू, चारशेनं. वहीत लिहिलंय."

"लिहिलंय?"

"तुम्ही काय म्हणालात तेही लिहिलंय. दंड कट्टूमागे शंभर. कोपऱ्यातलं दुकान."

त्यांनी माझ्या हातातल्या फाटक्या पानांकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेंडे फाटलेत सगळे. देठ तिरका धरायचा." आणि काठी टेकत निघून गेले. गठ्ठे ओट्यावरच राहिले. संध्याकाळी तुझ्या गाईंना घातले.

वहीतलं ते पान पुढे ठेवलं तर काय होईल हे मी तपासून पाहिलं आहे. वकील विचारेल, शपथेवर नाही म्हणालात, तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय? माझा शब्द पडला की माझे एकशे छप्पन दिवसही पडू शकतात. तुझी सगळी केस माझ्यामुळे बुडू शकते. जिंकलो तरी उद्या लवंगांच्या जागी वेलदोडे येतील. शक्यता मोजायचं माझं शिक्षण आहे, आणि मोजणी आपल्या बाजूने नाही. हा कायदा दुसऱ्याच्या मापाने शिवलाय हे माझं मत मी मागे घेत नाही. पण तो इथे बसत नाही ह्याला जी कारणं मी तुला मोजून दाखवायचो, त्यांत एक कारण मी गाळत होतो.

त्या दिवशी पंगतीत मी शेवटी बसलो, सव्वीसमधल्या एका फाटक्या पानावर. सार खाली गळत होतं. अशा जेवणानंतर पान पलीकडे मिटतात. सगळ्यांनी मिटलं. माझं मी उघडं ठेवलं. वहिनीने पाहिलं.

येत्या मंगळवारी उलटतपासणी आहे. घरखर्चाची वही पिशवीत घातली आहे, त्या पानात दोरा ठेवला आहे. नंतरच्या नोंदी आहेत का, असं ह्या वेळी कुणी विचारणारही नाही कदाचित. विचारलं नाही तरी सांगेन. आहे. एक आहे. तुझ्या शेजारी बसून सांगायला हवी होती, ती.